जमेस न धरलेली रक्कम

यरुशलेमच्या मंदिराचा कारभार म्हणजे एक मोठे दफ्तरच होते. देशोदेशी पांगलेल्या यहुदी पुरुषांकडून दरसाल येणारी अर्ध्या शेकेलाची पट्टी तेथे जमा होई, नवसाच्या रकमा येत, विधवांच्या दमड्यादेखील येत, आणि परमुलखातले नाणे मंदिराला चालेल अशा नाण्यात बदलून देणारे सराफ आवारातच आपली मेजे मांडून बसलेले असत. अशा या जागी, इसवी सन ३० च्या सुमारास, वल्हांडण सणाच्या दिवसांत एक मनुष्य चांदीची तीस नाणी घेऊन आला आणि ती परत घ्या म्हणू लागला. नाणी खोटी नव्हती, मोजणीत कमी भरत नव्हती, आणि विशेष म्हणजे मुख्य याजकांनीच ती थोड्या दिवसांमागे त्याच्या हातावर ठेवलेली होती. तरीही ती घेण्यास कोणी पुढे होईना.

तो मनुष्य यहूदा इस्कर्योत. मत्तयाच्या शुभवर्तमानात हा प्रसंग आला आहे, आणि तो इतक्या थोड्या शब्दांत आला आहे की सणासुदीला तो ऐकणाऱ्या भाविकांच्याही ध्यानात त्यातली एक गोष्ट सहसा येत नाही. आपण एका निरपराध माणसाला मरणाच्या स्वाधीन केले, हे आपले पाप, असे यहूदा त्या याजकांसमोर स्पष्ट बोलला, आणि त्यांनी त्याला तोडून सांगितले की त्याच्याशी आमचा काय संबंध, ते तुझे तू निस्तर. यहूदाने नाणी मंदिरात भिरकावली, बाहेर पडला आणि गळफास लावून घेतला. मागे उरलेल्या याजकांपुढे जो प्रश्न उभा राहिला तो मात्र शुद्ध हिशेबाचा होता: ही रक्ताची किंमत असल्यामुळे ती देवाच्या खजिन्यात जमेस धरणे शास्त्राला संमत नव्हते. खर्ची टाकताना जो नियम कोणाला आठवला नव्हता, तो जमा करताना नेमका आठवला. अखेर मसलत होऊन त्या पैशातून एका कुंभाराची जमीन खरेदी करण्यात आली, आणि यरुशलेमात येऊन मरणाऱ्या परक्या लोकांना पुरण्यासाठी ती नेमून देण्यात आली.

युरोपात यहूदाचे नाव हे नाव उरलेच नाही, ती एक शिवी झाली. आपल्या मुलखात फितुरीला सूर्याजी पिसाळाचे नाव, त्यातले खरेखोटे इतिहासकार जाणोत, जसे कायमचे चिकटले, तसेच. परंतु शुभवर्तमानात त्याची जी माहिती मिळते ती एखाद्या राक्षसाची नव्हे. तो येशूच्या बारा निवडक शिष्यांपैकी एक होता, आणि त्या फिरस्त्या मंडळींची पैशाची थैली त्याच्याकडे असे, म्हणजे विश्वासाचे काम त्याच्याकडे होते. बेथानी येथे एका स्त्रीने येशूच्या अंगावर जटामांसीचे मोलाचे सुगंधी तेल ओतले, तेव्हा हे तेल तीनशे दिनारांस विकून ते पैसे गरिबांना का दिले नाहीत, अशी कुरकुर झाली. मत्तयाच्या सांगण्याप्रमाणे ती सगळ्याच शिष्यांनी केली. योहान मात्र ती एकट्या यहूदाच्या पदरी घालतो आणि तो थैलीतले पैसे लांबवीत असे हेही जाता जाता सांगून टाकतो. योहानाचा राग अद्याप निवला नव्हता, असे ते वाचताना वाटत राहते.

दिनार म्हणजे शेतमजुराचा एका दिवसाचा रोज. ती तीस नाणी मंदिरात चालणाऱ्या सोरच्या शेकेलांची होती असे धरले, आणि बहुतेक अभ्यासक तसे धरतात, तर त्यांची किंमत सुमारे एकशेवीस दिनार होते, म्हणजे मजुराची चार महिन्यांची मजुरी. बेथानीत सांडलेल्या तेलाच्या निम्म्याहूनही कमी. मोशेच्या जुन्या नियमशास्त्रात बैलाने शिंगावर घेऊन मारलेल्या गुलामाबद्दल मालकाला द्यावयाची भरपाई तीस शेकेल ठरविलेली आहे, आणि मत्तयाच्या मनात ती तीसची संख्या घोळत असली पाहिजे. लोभ हे कारण मानावे तर रक्कम फार तोकडी आहे. कोणी म्हणतात की येशूने रोमन सत्तेविरुद्ध उठाव करावा म्हणून यहूदाने त्याला पेचात धरले, कोणी म्हणतात की निराशा झाली. लूक आणि योहान तर सैतान त्याच्यात शिरला एवढेच सांगून मोकळे होतात. कारणांच्या ह्या जंगलात मी शिरत नाही. विश्वासघात करणाऱ्याला स्वतःलाही पुष्कळदा आपले कारण ठाऊक नसते, आणि असले तरी दुसऱ्या दिवशी ते त्याला पटत नाही.

यहूदाच्या कृत्यासाठी मूळ ग्रीक ग्रंथांत जे क्रियापद वारंवार येते त्याचा सरळ अर्थ 'हवाली करणे' असा आहे. मराठीत आपण ज्याला 'धरून देणे' म्हणतो तेच. त्यात दगा, कपट असा रंग मुळात नाही, कैदी एका चौकीवरून दुसऱ्या चौकीकडे हवाली करावा तसा तो कामकाजाचा शब्द आहे. आणि ह्या शब्दाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. यहूदा येशूला याजकांच्या हवाली करतो, याजक त्याला रोमन सुभेदार पिलाताच्या हवाली करतात, पिलात त्याला शिपायांच्या हवाली करतो. आणि पुढे पौल आपल्या पत्रांत तेच क्रियापद उचलून लिहितो की देवानेच आपल्या पुत्राला सर्वांसाठी हवाली केले. माणसाच्या नीचपणाला आणि देवाच्या औदार्याला एकच शब्द लावण्याचे हे धाडस ख्रिस्ती विचाराच्या मुळाशी आहे, आणि म्हणूनच यहूदाचा प्रश्न त्या विचाराला कधी पुरता बाजूला सारता आलेला नाही.

यहूदाने येशूला धरून दिले त्याच रात्री दुसराही एक विश्वासघात झाला, आणि तो करणारा शिष्यांत अग्रगण्य होता. सगळे सोडून गेले तरी मी सोडणार नाही, असे पेत्राने जेवणानंतर छातीठोकपणे सांगितले होते. येशूला धरून महायाजकाच्या वाड्यात नेले, तेव्हा पेत्र लांबून मागोमाग गेला आणि अंगणात नोकरचाकरांत जाऊन उभा राहिला. रात्र थंडीची होती, चाकरांनी कोळशाचा विस्तव पेटविला होता, आणि पेत्रही त्यांच्यात शेकत होता. तेथे त्याला कोणा अधिकाऱ्याने नव्हे, एका दासीने हटकले. हा त्याच्याबरोबरचाच आहे म्हणाली. पेत्राने कानांवर हात ठेवले. पुन्हा कोणी विचारले, पुन्हा नाकबूल. तिसऱ्या वेळी भोवतालच्यांनी त्याची बोलीच पकडली: गालीलकडचा हेल लपत नव्हता. कोकणातला माणूस पुण्यात तोंड उघडताच ओळखू यावा तसा तो ओळखला गेला, आणि मग शपथा वाहत, त्या माणसाला मी ओळखतच नाही असे तो म्हणत असतानाच कोंबडा आरवला. लूक येथे एक गोष्ट अधिक सांगतो: त्या क्षणी येशूने वळून पेत्राकडे पाहिले. पेत्र बाहेर गेला आणि ढसढसा रडला. सतराव्या शतकाच्या आरंभी गोव्यातील साष्टीच्या नव्या ख्रिस्ती लोकांनी ही सारी दुःखसहनाची कथा मराठी ओव्यांत ऐकली. फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाचे 'क्रिस्तपुराण' राचोल येथे १६१६ साली छापून निघाले ते त्याचसाठी.

आता ह्या दोघांच्या अनुतापाची तुलना केली तर पारडे भलतीकडेच झुकते. मध्ययुगीन धर्मशास्त्र्यांनी प्रायश्चित्ताची तीन अंगे सांगितली आहेत: अंतःकरणाचा खेद, तोंडाने कबुली आणि कृतीने भरपाई. यहूदाने ही तिन्ही पुरी केली. त्याला खेद झाला, त्याने आपले पाप स्वच्छ शब्दांत, कोणतीही सबब न सांगता, कबूल केले, आणि घेतलेली रक्कम पैन् पै परत केली. पेत्राच्या नावावर मात्र आसवांखेरीज काहीच नोंदलेले नाही; त्याने महायाजकाच्या अंगणात परत जाऊन आपली साक्ष फिरविली नाही, वधस्तंभापाशी तो उभा असल्याचा कोठे उल्लेख नाही. सोळाव्या शतकात धर्मसुधारक कॅल्व्हिनने रोमन पंथाच्या शास्त्र्यांना ह्याच मुद्द्यावर कोंडीत धरले: तुम्ही सांगता ती सारी लक्षणे यहूदात पूर्ण उतरतात, मग तो तरला का नाही?

ह्यावर प्रवचनकारांचे एक ठरीव उत्तर आहे. ते ग्रीक भाषेकडे बोट दाखवितात. यहूदाविषयी मत्तय जे क्रियापद वापरतो त्याचा अर्थ पस्तावणे, मन खंतावणे. आणि येशूच्या उपदेशात जी 'मेटानोइया' येते तिचा अर्थ मनच पालटणे, तोंड फिरवून दुसऱ्या वाटेला लागणे. पौलानेही करिंथच्या मंडळीला लिहिताना देवाकडे नेणारे दुःख आणि मरणाकडे नेणारे जगाचे दुःख असा भेद केलेला आहे. हे सगळे खरे आहे. १५१७ साली ल्यूथरने आपल्या पंचाण्णव प्रमेयांतले पहिलेच प्रमेय ह्या शब्दावर रचले आणि अनुताप हा एका दिवसाचा विधी नसून उभ्या आयुष्याची चाल आहे असे मांडले, तेही ह्याच भेदाच्या बळावर. तरीपण यहूदाच्या बाबतीत ह्या भेदावर फार भार टाकू नये, असे मला वाटते. कारण त्याच मत्तयाच्या शुभवर्तमानात, बापाने मळ्यात जायला सांगितले असता आधी नाही म्हणणारा आणि मागाहून वाईट वाटून कामावर जाणारा मुलगा आहे; त्याच्यासाठीही यहूदासाठी वापरलेलेच क्रियापद आले आहे, आणि येशूने त्या मुलाला नावाजले आहे. तेव्हा खोट यहूदाच्या खंतावण्यात नव्हती.

ती कोठे होती? मला तरी ती त्याच्या पत्त्यात दिसते. तो आपली कबुली घेऊन जेथे गेला तेथे ती ऐकून घेणारे कोणी नव्हते. त्याने अर्ज योग्य लिहिला, भरपाईची रक्कम जोडली, आणि ज्या कचेरीत तो दाखल केला तेथे त्या कामाचा रकानाच नव्हता. पेत्राचे काय? पेत्र रडून कोठे गेला हे शुभवर्तमानकार सांगत नाहीत. पण तिसऱ्या दिवशी पहाटे मग्दालीया मरियेला कबर उघडी दिसली तेव्हा ती धावत सुटली ती पेत्राकडेच. म्हणजे तो कोठे सापडेल हे तिला ठाऊक होते. तो आपल्या माणसांत परत गेला होता, काळे तोंड घेऊन का होईना, तेथेच बसून राहिला होता. ह्या दोन माणसांतले अंतर बहुधा एवढेच आहे, आणि ते थोडे नाही.

यहूदाच्या मरणोत्तर गतीविषयी मात्र ख्रिस्ती परंपरेचे एकमत कधीच झाले नाही. 'प्रेषितांची कृत्ये' ह्या ग्रंथात त्याच्या मृत्यूची हकीकत निराळीच आहे; तेथे जमीन तोच घेतो, आणि तीत पडून पोट फुटून मरतो. ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या आरंभी लिहिताना असा निवाडा दिला की गळफासाने यहूदाचे पाप फिटले नाही, उलट देवाच्या दयेविषयी निराश होऊन त्याने त्यात भर घातली. दान्तेने त्याला नरकाच्या अगदी तळाशी, बर्फात, सैतानाच्या जबड्यात कायमचे बसविले. परंतु ऑगस्टीनच्या दीडएकशे वर्षे आधी ओरिगेन ह्या थोर भाष्यकाराला एक वेगळीच शंका सुचली होती: येशू मरणार हे पाहून यहूदाने त्याच्या आधीच परलोक गाठण्याची घाई केली असेल काय, म्हणजे तेथे उघड्या आत्म्याने त्याच्यासमोर उभे राहून क्षमा मागता येईल? फ्रान्समधील वेझले येथील बाराव्या शतकातल्या मग्दालीयेच्या मंदिरात एका खांबाच्या माथ्यावर एकीकडे फासावर लोंबकळणारा यहूदा कोरला आहे, आणि त्याच माथ्याच्या दुसऱ्या बाजूस एक मनुष्य ते प्रेत खांद्यावर घेऊन चालला आहे, मेंढपाळ चुकलेले मेंढरू घेतो तसे. तो पुरणारा कोणी मजूर आहे, की स्वतः येशूच आहे, ह्यावर पाहणारे वाद घालतात. पोप फ्रान्सिस ह्यांना हे शिल्प फार प्रिय होते आणि ते त्याचा दुसराच अर्थ खरा मानीत. रोमन ख्रिस्तसभेने अनेकांना संत म्हणून घोषित केले, पण अमुक एक मनुष्य नरकात आहे असे अधिकृतपणे आजवर कोणाविषयीही जाहीर केलेले नाही, यहूदाविषयीही नाही. आणि आत्महत्या करणाऱ्यांना धर्मसंस्कारपूर्वक दफन नाकारण्याची जुनी प्रथा सोडून १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथात त्यांच्या तारणाविषयी आशा सोडू नये असे तिने लिहून ठेवले आहे.

पेत्राची क्षमा कशी झाली ते योहानाने आपल्या ग्रंथाच्या अखेरच्या अध्यायात सांगितले आहे, आणि ते सांगताना त्याने एका शब्दाची जी योजना केली आहे ती मला नेहमी थबकवते. रात्रभर गालीलच्या सरोवरात जाळी टाकून हात हलवीत परतणाऱ्या शिष्यांना पहाटे काठावर कोणी उभा दिसतो, त्याच्या सांगण्यावरून टाकलेल्या जाळ्यात एकशे त्रेपन्न मासे सापडतात, आणि ते काठाला येतात तो तेथे कोळशाचा विस्तव पेटलेला असतो, त्यावर मासळी भाजत असते, भाकर असते. कोळशाच्या विस्तवासाठी येथे जो ग्रीक शब्द आहे तो साऱ्या नव्या करारात केवळ दोनदा येतो: एकदा महायाजकाच्या अंगणात आणि एकदा ह्या काठावर. पेत्राला तो धुराचा वास आल्यावाचून राहिला असेल काय? न्याहारी आटोपल्यावर येशू त्याला तीन वेळा एकच प्रश्न विचारतो, तुझे माझ्यावर प्रेम आहे काय. आणि तिसऱ्या खेपेस पेत्र दुःखी होतो. झाल्या गोष्टीचा उच्चार नाही, कबुलीची मागणी नाही, तुला क्षमा केली असा शब्दही नाही. प्रत्येक उत्तरावर मेंढरे सांभाळण्याचे काम तेवढे त्याच्याकडे सोपविले जाते. ज्याला दुखावले त्यानेच चूल पेटवून बोलावले, इतके साधे ते आहे.

पण काठावरची ती पहाट एकदाच झाली. पुढे ज्यांनी दगा दिला त्यांना तसे बोलावणार कोण, हा प्रश्न दोन शतकांनी उभा राहिला, आणि तोही एकदोघांपुरता नव्हे, हजारोंच्या संख्येने. २४९ च्या अखेरीस सम्राट डेशियसने हुकूम काढला की साम्राज्यातील प्रत्येक रहिवाशाने देवतांना यज्ञ करावा, नैवेद्य चाखावा आणि तसे केल्याचा दाखला घ्यावा. ह्या दाखल्यांपैकी चाळिसांहून अधिक इजिप्तच्या वाळूत पपायरसावर टिकून राहिले आहेत. त्यांतला एक २६ जून २५० चा आहे. साताबूसचा मुलगा औरेलियुस डिओगेनेस, अलेक्झांडर बेट नावाच्या गावचा, वय ७२, उजव्या भुवईवर व्रण, असा अर्जदाराचा तपशील त्यात आहे, आपल्याकडच्या जुन्या दाखल्यांत ओळखीची खूण म्हणून तीळ किंवा देवीचे वण लिहीत तसा. आपण नेहमीच यज्ञ करीत आलो आहोत, आताही हुकुमाप्रमाणे पंचांसमक्ष केला, नैवेद्य चाखला, तरी त्यांनी खाली सही करावी, अशी त्याची विनंती आहे. हा म्हातारा ख्रिस्ती होता की नव्हता हे त्या कागदावरून कळत नाही. हुकूम सर्वांनाच होता.

ख्रिस्ती लोकांची मात्र त्याने दाणादाण उडाली. कार्थेजचा बिशप सिप्रियन, जो स्वतः लपून राहिला होता आणि त्याबद्दल ज्याला बोलणी खावी लागत होती, लिहितो की लोक पकडले जाण्याची वाट न पाहता आपण होऊन चव्हाट्यावर धावले. संध्याकाळ झाली, उद्या या, असे अधिकाऱ्यांनी सांगितले तर आजच उरकून घ्या म्हणून गयावया करू लागले. काहींनी यज्ञ केला, काहींनी चिमूटभर धूप जाळला, काहींनी पैसे चारून नुसता दाखला मिळविला. दुसऱ्या बाजूला काहीजण तुरुंगात गेले, काही मेले. २५१ मध्ये छळाची लाट ओसरली, डेशियसही त्याच वर्षी लढाईत पडला, आणि पतित झालेले हे सारे मंडळीच्या दाराशी येऊन उभे राहिले.

येथे एक चमत्कारिक प्रकार घडला. ज्यांनी तुरुंगात हाल सोसले त्यांच्या शब्दाला देवापाशी वजन असते, अशी सर्वांची श्रद्धा; म्हणून पतितांनी तुरुंगाकडे धाव घेतली आणि त्या वीरांकडून शिफारसपत्रे लिहून घेतली. पत्रे मोघम असत, अमक्याला त्याच्या माणसांसह परत घ्यावे, एवढाच मजकूर. आणि सिप्रियन वैतागून लिहितो की असल्या एका कागदावर वीस-तीस जण आपण त्याचे सोयरे, नोकर, सुटलेले गुलाम म्हणून दावा सांगतील. एका कागदाने गेलेला विश्वास दुसऱ्या कागदाने परत येतो, हे त्याला कबूल नव्हते. छळ सोसणारा क्षमेची शिफारस करू शकतो, पण कोण खरोखर वळला आहे हे जवळून पाहिल्यावाचून ठरविता येत नाही, आणि पाहायला वेळ लागतो, असे त्याचे म्हणणे होते. २५१ च्या वसंतात आफ्रिकेतल्या बिशपांची परिषद कार्थेजला भरली. नुसता दाखला घेणाऱ्यांना एकेकाचे प्रकरण तपासून परत घ्यावे, यज्ञ करणाऱ्यांनी प्रायश्चित्त चालू ठेवावे आणि मरणाच्या वेळी त्यांना मोकळे करावे, असे ठरले. नवा छळ येऊ घातला तेव्हा पुढच्या दोनएक वर्षांत त्यांनाही आत घेण्यात आले. लढाईला पाठवायचे तर निःशस्त्र कसे पाठवावे, असा युक्तिवाद तेव्हा केला गेला. सिप्रियन स्वतः २५८ च्या सप्टेंबरात शिरच्छेदाला सामोरा गेला, आणि पळपुटेपणाचा आरोप तेथे संपला.

रोममध्ये नोव्हेशियन नावाच्या विद्वान धर्मगुरूला ही सवलत मान्य झाली नाही. तो दुष्ट नव्हता. देव पतितांना क्षमा करणार नाही असेही तो म्हणत नव्हता. मंडळीला मात्र तो अधिकार नाही, त्यांनी जन्मभर दाराबाहेर रडावे आणि निकाल देवावर सोपवावा, एवढेच त्याचे मत होते. त्याने वेगळा पंथ काढला आणि त्या पंथाचे लोक स्वतःस 'शुद्ध' म्हणवीत. तर्काने पाहिले तर नोव्हेशियनची बाजू लेचीपेची नाही. तुरुंगात हाडे मोडून घेतलेल्या माणसाशेजारी धूप जाळून घरी गेलेल्याला बसवायचे, हा त्या पहिल्या माणसाचा अपमान नव्हे काय? आजही दंगलीतून, युद्धातून वर आलेल्या समाजांपुढे हा प्रश्न असाच उभा असतो. ३२५ मध्ये निकीया येथे भरलेल्या सार्वत्रिक परिषदेने पतितांसाठी बारा वर्षांचा क्रम बांधून दिला: तीन वर्षे दारापाशी ऐकणाऱ्यांत, सात वर्षे साष्टांग पडणाऱ्यांत, दोन वर्षे प्रार्थनेत पण प्रभुभोजनाविना, मात्र मरणोन्मुखाला शेवटची शिदोरी कोणीही नाकारू नये. पाचव्या शतकातला एक इतिहासकार सांगतो की त्या परिषदेच्या वेळी शुद्ध पंथाचा एक बिशप आपले कडक नियम सम्राट कॉन्स्टंटाइनला समजावू लागला, तेव्हा सम्राट म्हणाला की मग तू एक शिडी लाव आणि एकटाच स्वर्गात चढ.

चौथ्या शतकात आफ्रिकेत पुन्हा तेच भांडण पेटले. ३०३ च्या छळात ज्या धर्मगुरूंनी पवित्र ग्रंथ सरकारच्या हवाली केले त्यांचे काय करावे, ह्यावरून मंडळी शंभर वर्षे दुभंगून राहिली, आणि त्या हवाली करणाऱ्यांना लॅटिनमध्ये जो शब्द होता त्यातूनच इंग्रजीतला विश्वासघातक्याचा शब्द निघाला. पुढे उघड प्रायश्चित्ताची ती कडक रीत मागे पडली, आयरिश मठवासीयांनी कानात सांगण्याची खासगी कबुली रूढ केली, आणि १२१५ च्या लॅटरन परिषदेने ती प्रत्येकाला वर्षातून एकदा सक्तीची केली. त्याच कलमात, कबुलीतले गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूला पदच्युत करून जन्मभर कडक मठात कोंडावे असेही लिहिले. गोव्यात ह्या कबुलीला कुमसार म्हणतात. लाकडी जाळीच्या एका बाजूला गुडघे टेकलेला, दुसऱ्या बाजूला कान लावून बसलेला. मंदिरातल्या त्या याजकांनी जे काम नाकारले त्यासाठी येथे निदान एक माणूस नेमलेला असतो. तो ते काम नेहमी नीट करतो असे नाही, आणि ह्या व्यवस्थेचा व्यापारही झालेला इतिहासाने पाहिला आहे.

ह्या नियमांच्या आधीची, डेशियसच्या छळानंतर लगेचची, एक हकीकत मात्र सांगायची राहिली. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस ह्याने ती अँटिओकच्या बिशपाला पत्रातून कळविली, कारण तो बिशप नोव्हेशियनकडे झुकू लागला होता. आणि युसेबियसने आपल्या इतिहासात ती उतरून घेतल्यामुळे ती आपल्यापर्यंत आली. सेरापियन नावाचा एक वृद्ध होता. जन्मभर निष्कलंक वागला, आणि छळात यज्ञ करून बसला. त्याने मंडळीकडे पुष्कळदा पदर पसरला, पण यज्ञ करणारा म्हणून कोणी लक्ष दिले नाही. तो आजारी पडला. तीन दिवस वाचा गेली, शुद्ध गेली. चौथ्या दिवशी किंचित सावध होऊन त्याने आपल्या लेकीच्या मुलाला हाक मारली, आणि मला असे किती वेळ अडकवून ठेवणार, धर्मगुरूला आण आणि मला मोकळे करा, एवढे बोलून पुन्हा गप्प झाला.

रात्र होती. पोर धावत धर्मगुरूच्या घरी गेले, तो धर्मगुरूच आजारी, अंथरुणातून उठवेना. परंतु मरणाऱ्याने मागितले तर, आणि पूर्वीही मागितलेले असेल तर विशेषच, त्याला मोकळे करावे, असे डायोनिशियसने सांगून ठेवले होते. धर्मगुरूने पवित्र भाकरीचा एक लहानसा तुकडा त्या मुलाच्या हातात दिला आणि सांगितले की हा भिजव आणि आजोबांच्या तोंडात घाल. मुलगा तो घेऊन निघाला. तो घरात शिरण्याआधीच म्हातारा पुन्हा शुद्धीवर आला होता. नातवाला म्हणाला की धर्मगुरूला येता आले नाही ना, बरे, त्याने सांगितले ते लवकर कर. मुलाने तुकडा पाण्यात भिजविला आणि त्याच्या तोंडात सोडला. म्हाताऱ्याने थोडासा गिळला, आणि प्राण सोडला.